राखाडी दोरा

थोरलीने तिसऱ्या गोधडीच्या नेफ्यातून दांडी ओढली तेव्हा टाके तटतट तुटल्याचा आवाज झाला. गोधडी एका बाजूने सुटली आणि खाली शिडी धरून उभ्या असलेल्या सुताराच्या डोक्यावर पडली. तो आतूनच बोलला.

"बाई, काल पाणसळ लावून टांगल्यात मी. एकही सुतभर वाकडी नव्हती."

"वाकडी आहे असं कोण म्हणतंय?"

"मग काढताय कशाला?"

तिने शिडी पुढे सरकवायची खूण केली. सुताराने गोधडी डोक्यावरून काढली, आधीच्या दोन गोधड्यांवर नीट घडी घालून ठेवली आणि शिडी न हलवता तो कलादालनाच्या संचालिकेला बोलवायला गेला.

सव्वाअकरा वाजले होते. प्रदर्शन पाच वाजता उघडायचे होते. लांब भिंतीवर अजून दहा गोधड्या होत्या. तेरा गोधड्या, दोन वर्षांचे काम, आणि वयाच्या चौसष्टाव्या वर्षी तिचे पहिलेच एकटीचे प्रदर्शन. दारातल्या फलकावर त्याचे नाव एकाच शब्दात लिहिले होते : राख.

संचालिका आली ती कानाला लावलेला फोन खाली घेत. तिने जमिनीवरचा ढीग पाहिला, मग शिडीवरच्या बाईकडे पाहिले. काय झाले, असे तिने हळू आवाजात विचारले, जसे रुग्णाला विचारतात.

"यातल्या एकाही गोधडीचा रंग हा नाही," थोरली म्हणाली.

संचालिकेने समजून मान हलवली. पिवळ्या दिव्यांमुळे असे होते, कलावंतांची ही नेहमीची तक्रार आहे, असे म्हणून तिने भिंतीवरची बटणे दाबली. पिवळे दिवे विझले, पांढरे लागले. भिंतीवरच्या गोधड्या आणखी जांभळ्या दिसू लागल्या. थोरलीने शिडीची पायरी दोन्ही हातांनी पकडली आणि डोळे मिटून घेतले.

चार दिवसांपूर्वी तिच्या उजव्या डोळ्यातला मोतीबिंदू काढला होता. डाव्याची तारीख पुढच्या बुधवारची होती. गोधड्या त्याआधीच, पंधरवड्यापूर्वी, बांधून दालनात पोचल्या होत्या. डोळ्यावरची पट्टी निघाल्यावर घरी तिला स्वयंपाकघराची भिंत पांढरीशुभ्र दिसली. ती भिंत पिवळट आहे असे ती तीन वर्षे समजत होती आणि रंग देणाऱ्या माणसाला येता-जाता नावे ठेवत होती. ती स्वतःलाच हसली होती. तिची जाऊ, धाकटी, तीही हसली होती. पण जरा कमी हसली होती, हे थोरलीला आत्ता शिडीवर आठवले.

आज सकाळी दालनात येऊन तिने काळा चष्मा काढला आणि भिंतीवर तिला परक्या बाईच्या गोधड्या दिसल्या. ठेवण तिची, तुकड्यांचा उतार तिचा, कडेची दुहेरी पट्टी तिची. फक्त ज्या राखेत तिने दोन वर्षे हात घालून काढली, ती राख कुठेच नव्हती. वांग्याच्या सालीसारख्या गर्द जांभळ्यापासून संध्याकाळच्या ढगाच्या कडेला दिसतो तशा पुसट जांभळ्यापर्यंत, पायरीपायरीने उतरत जाणारा एकच रंग. तिने उजव्या डोळ्यावर तळवा ठेवला. राख. तळवा काढला. जांभळा. असे तिने किती वेळा केले ते तिने मोजले नाही. मग तिने शिडी मागवली.

"आपलं तर हेच ठरलं होतं ना," संचालिका खालून म्हणत होती. "नाव राख आणि भिंतीवर हा रंग. माणूस दारातच थबकेल." तिने माहितीपत्रक वर केले. थोरलीने ते घेतले. इतकी बारीक अक्षरे वाचून तिला तीन वर्षे झाली होती. पहिल्याच ओळीत लिहिले होते की शोकाच्या नावाखाली या कलावतीने रंगोत्सव मांडला आहे.

रंगोत्सव हा शब्द तिने दोनदा वाचला. मग पत्रकाची घडी घातली, पुन्हा घडी घातली, आणि घडी पडेना तेव्हा ते खाली टाकले.

"प्रदर्शन होणार नाही," ती म्हणाली. "सगळ्या गुंडाळा आणि घरी पाठवा."

संचालिकेने बरेच काही सांगून पाहिले. शंभरावर माणसे येणार आहेत. एक जण तर रात्रभर प्रवास करून आला आहे. इतके दिवस भिंत तुमच्यासाठी राखून ठेवली. शेवटी तिने विचारले, निदान लोकांना सांगायला एखादे कारण तरी द्या.

"माझ्या चुकीचं प्रदर्शन मांडायचं नाही मला."

"चूक? कुठे आहे चूक? दाखवा तरी."

कुठे म्हणून दाखवणार? चूक भिंतीवर नव्हती.

थोरलीचा नवरा रंगारी होता. छत्तीस वर्षे त्याने तिच्यासाठी कापड रंगवले आणि छत्तीस वर्षे तिने त्याच्या रंगाला नाव ठेवायला जागा शोधली. हा त्यांचा संसार होता आणि दोघांनाही तो मानवला होता. तिने नाक मुरडले की तो तोच तुकडा पुन्हा बुडवायचा, दुसऱ्या दिवशी आणून दाखवायचा, आणि ती म्हणायची, बरा आहे. बरा आहे म्हणजे उत्तम, हे गल्लीतल्या पोरासोरांनाही माहीत होते.

अडीच वर्षांपूर्वी त्याने शेवटचे कापड रंगवले. बावीस तुकडे, एकाच पिंपातले. प्रत्येक बुडीनंतर पिंपातला रंग उतरत जातो, म्हणून पहिला तुकडा सर्वांत गर्द आणि बाविसाव्याला जेमतेम रंगाचा वारा लागलेला. ते सगळे त्याने अंगणात दोरीवर ओळीने वाळत घातले आणि तिला हाक मारली. एरवी तो हाक मारत नसे, कापड आणून मांडीवर टाकत असे. ती बाहेर आली. तिने दोरी या टोकापासून त्या टोकापर्यंत पाहिली. तिला राख दिसली, ओली राख आणि सुकी राख.

"चुलीतली राख बरी," ती म्हणाली होती. "यात जीवच नाही. हात गेला आता तुमचा."

"डोळे दाखवून घे एकदा," तो म्हणाला.

"माझे डोळे काढू नका."

कापड त्याने काढले, घड्या घातल्या, कपाटात वर ठेवले. त्याच आठवड्यात त्याने पिंपे घासली आणि अंगणात पालथी घातली. पुन्हा रंगात हात घातला नाही. तिने दोनदा विषय काढला तर म्हणाला, पुरे झाले. पाच महिन्यांनी छातीच्या दुखण्यात तो गेला.

तो गेल्यावर महिन्याने तिने कपाटातून ते बावीस तुकडे काढले. ज्या कापडात जीव नाही असे ती म्हणाली होती, त्याच कापडाच्या ती गोधड्या शिवणार होती, एक चिंधी बाहेर न टाकता. मेलेल्या माणसाशी भांडण मिटवायची दुसरी कुठली रीत तिला ठाऊक नव्हती. रंग गेलेला तर गेलेला. तो त्याच्या हातून गेला होता, म्हणून तिला तो हवा होता. दोन वर्षे ती रोज दुपारी खिडकीपाशी बसून त्याची चूक पोटात घालत राहिली.

आणि चूक त्याची नव्हतीच. त्या दिवशी दोरीवर छत्तीस वर्षांतले त्याचे सर्वांत देखणे काम वाळत होते, म्हणून तर त्याने हाक मारली होती. ती त्याला म्हणाली की तुमचा हात गेला. आणि ज्याच्या नजरेवर चार गावांचे विणकर डोळे मिटून विसंबत, त्या माणसाने स्वतःचे डोळे सोडून तिच्या डोळ्यांवर विश्वास ठेवला, पिंपे पालथी घातली आणि आपला हात गेला असे समजत तो मेला. आता पाच वाजता शंभर माणसे इथे येऊन याला रंगोत्सव म्हणणार होती.

ती शिडीवरून उतरली. खालच्या पायरीवर बसली आणि सुताराला म्हणाली, "तू काढ. मला जमत नाही."

सुताराने संचालिकेकडे पाहिले. संचालिकेने दाराकडे पाहिले. दारात धाकटी उभी होती.

धाकटी त्याच घरात खालच्या मजल्यावर राहत असे. थोरलीपेक्षा ती अकरा वर्षांनी लहान, आणि दोन वर्षे रोज दुपारी थोरलीच्या सुईत दोरा ओवून देण्याचे काम तिचे. थोरलीला नेढे दिसत नसे, पण डोळे दाखवायचे नाव काढले की ती अंगावर येई. शेवटी धाकटीनेच तिला ओढत डोळ्यांच्या डॉक्टरकडे नेले होते, गोधड्या दालनात पोचल्याच्या दुसऱ्या दिवशी. आत्ता ती डोळ्यात घालायचे थेंब घेऊन आली होती. दर चार तासांनी एक थेंब, बाराला दुसरी पाळी. तिने भिंत पाहिली, ढीग पाहिला, पायरीवर बसलेली जाऊ पाहिली आणि पिशवीतून बाटली काढली.

"जाऊबाई, आधी थेंब. मग काय जाळायचं ते जाळा."

"मला कळलंय रंग कोणता आहे ते."

"कळणारच. त्यासाठीच डोळा करून घेतला." धाकटीचा आवाज नेहमीसारखा होता, फक्त बाटलीचे झाकण तिला पटकन निघेना. "आडव्या व्हा."

खिडकीजवळच्या बाकावर आडवे व्हायला उशी नव्हती. धाकटीने ढिगावरची गोधडी घेऊन तिच्या डोक्याखाली दिली, तीच, नेफा उसवलेली. थेंब पडला. पाच मिनिटे डोळे उघडायचे नाहीत, असा डॉक्टरांचा हुकूम होता. थोरली पडून राहिली. बंद पापणीखालून थेंब कानाकडे ओघळला. थेंबामागून आणखी पाणी आले, ते औषधाचे नव्हते. धाकटीने दोन्ही एकाच बोळ्याने टिपले.

डोळे उघडले तेव्हा गोधडीची कड तिच्या नाकापासून वीतभरावर होती. इतक्या जवळून तिने स्वतःचे काम दोन वर्षांत पाहिले नव्हते, बोटांनीच चाचपले होते. तिने सवयीने टाका शोधला. टाका दिसेना. तिने बोट फिरवले, बोटाला धावदोरा लागत होता, एकसारखा, गव्हाच्या दाण्याएवढा. डोळ्याला मात्र नुसते कापड दिसत होते.

ती उठून बसली. गोधडी मांडीवर ओढून खिडकीच्या उजेडात धरली. गर्द तुकड्यावर दोरा गर्द होता. शिवण ओलांडून शेजारच्या फिक्या तुकड्यात गेला की दोरा फिका होत होता. त्यापुढच्या तुकड्यात आणखी फिका. जांभळ्या कापडावर राखाडी दोरा मुंग्यांच्या रांगेसारखा दिसला असता. इथे एकही मुंगी नव्हती. तिने दुसरी गोधडी ओढली, मग पहिली. तिन्हींमध्ये तेच. प्रत्येक टाका ज्या कापडावर होता त्या कापडात विरघळला होता. बाजारात असा दोरा मिळत नाही. एका पिंपाच्या बावीस पायऱ्या कुठल्याही दुकानात रिळावर मिळत नाहीत.

"धाकटे, हा दोरा कुणाचा?"

धाकटी बाटलीला झाकण लावत होती. झाकण हातातून सुटून बाकाखाली गेले. ते शोधायला ती वाकली आणि जरा जास्तच वेळ वाकून राहिली.

"तुम्ही मागायचात, मी द्यायची."

"मी राखाडी मागत होते."

"हो."

"राखाडी दे, जरा गडद. राखाडी दे, त्याहून फिका. दोन वर्षं. आणि तू काय देत होतीस?"

"कापडाला लागेल तो." धाकटी सरळ झाली. "तुमची राखाडी रिळं आहेत तशीच डब्यात आहेत. घरी गेल्यावर बघा."

संचालिकेने सुताराला खुणेने बाहेर नेले. दालनात दोघी जावा आणि तेरा गोधड्या उरल्या.

"माझं पातेलं आठवतं?" धाकटी म्हणाली.

थोरलीला आठवले. धाकटीच्या ओट्यावरचे एक मोठे पातेले आतून काळे पडले होते. एवढे काळे भांडे ठेवून काय जीव जातो, घासायला हात झिजतात की काय, असे ती कैकदा बोलली होती, पाहुण्यांसमोरसुद्धा. धाकटी ऐकून घेई आणि पातेले तसेच ठेवी.

"आतून जांभळं आहे ते. आजही."

मग तिने सांगितले. पिंपे पालथी घातल्यावर आठवड्याने भाऊजी तिच्याकडे खाली आले. जाऊबाई बाजारात गेल्या होत्या. जिन्यात दोनदा बसावे लागले त्यांना, इतका दम लागला होता. त्यांनी खिशातून कापडाचा तुकडा काढला आणि विचारले, हा रंग कोणता. धाकटी म्हणाली, जांभळा, तुम्हाला नाही का माहीत. "तर म्हणाले, मला माहीत आहे. घरात आणखी कुणाला आहे का ते बघत होतो." मग ते तीन सकाळी आले, थोरली बाहेर पडली की. पांढऱ्या दोऱ्याच्या लडी घेऊन. पातेल्यातच रंग कालवला आणि एकेक लड बुडवून काढली. प्रत्येक लड कापडाच्या तुकड्याशी लावून बघत, आणि जुळली नाही तर पुन्हा बुडवत. बावीस लडी झाल्यावर त्यांनी तिच्याकडून त्या रिळांवर गुंडाळून घेतल्या.

थोरलीचे बोट टाक्यावरून पुढेमागे जात होते.

"म्हणजे त्यांना माहीत होतं. रंग बिघडला नाही, माझे डोळे बिघडलेत."

"तुम्ही अंगणात बोललात त्याच दिवशी कळलं त्यांना."

"मग मला का नाही सांगितलं?"

"मीही तेच म्हटलं. तर म्हणाले, डोळे गेले हे तिला कळलं तर ती सुई खाली ठेवेल, आणि सुई खाली ठेवली तर दुसरं काय करेल ती." धाकटी थांबली. "म्हणाले, ती आज नाही म्हणते, पण या कापडाकडे येईल. ती राख म्हणेल तर राख. पण दोरा चुकता कामा नये."

"आणि तू? ते गेल्यावर तरी?"

"पहिल्याच दिवशी सांगणार होते. तुम्ही कापड काढून मांडलंत, मी तोंड उघडलं, आणि तुम्ही म्हणालात, धाकटे, भूक लागली गं. महिन्यात पहिल्यांदा." तिने खांदे उडवले. "मग मी जेवायला वाढलं."

"दोघांनी मिळून आंधळी कोशिंबीर खेळवलीत मला."

"खेळवली," धाकटी म्हणाली. ती नाही म्हणाली नाही, माफी मागितली नाही.

बाहेर संचालिकेच्या चपलांचा आवाज दारापर्यंत येत होता आणि परत जात होता. थोरलीने खिडकीबाहेर पाहिले, मग पुन्हा मांडीवर. तिला विचारायचे होते ते शेवटी तिने धाकटीकडे न पाहताच विचारले.

"मग पिंपं का पालथी घातली त्यांनी?"

धाकटीने थेंबांची बाटली पिशवीत ठेवली.

"दम लागत होता त्यांना. पिंपाची वाफ सोसत नव्हती." आणि मग, "पण तुमच्या बोलण्याने नाहीच घातली, असं मी कशी सांगू, जाऊबाई? ते मला त्यांनी नाही सांगितलं."

थोरलीने मान हलवली. धाकटी खोटे बोलत नव्हती. खोटे बोलायचे असते तर इथे बोलली असती.

दाराशी आवाज थांबला. संचालिका आत डोकावली. एक वाजून गेला आहे, सुताराला जेवायला सोडायचे की कसे, असे तिने विचारले, आणि मग घाईने म्हणाली की नाव खटकत असेल तर फलक आत्ता बदलता येईल, दुसरे नाव सुचवा, मी लिहून घेते.

"नाव तेच," थोरली म्हणाली. "आणि त्याला जेवून येऊ दे. तीन टांगायच्या आहेत."

संचालिका काही विचारायला गेली आणि तिने ते गिळले. तिची पावले लगबगीने दूर गेली.

थोरलीने मांडीवरची गोधडी उलटी केली. नेफ्याचे टाके एका टोकाला वीतभर उसवले होते, दांडीचा भार तिथे पेलला नसता. तिने पदराने दोन्ही डोळे पुसले, उजवा जपून, आणि कड चिमटीत जुळवून धरली. धाकटीने पिशवीतून सुई-दोऱ्याची डबी काढली होती. कुठेही जाताना ती डबी बरोबर ठेवायची.

"दोरा दे."

"कोणता?" धाकटीने विचारले. दोन वर्षांत हे तिने पहिल्यांदा विचारले होते.

थोरलीने कापडाकडे पाहिले. दोन्ही डोळे उघडे ठेवून, बराच वेळ पाहिले.

"राखाडी," ती म्हणाली. "गडद."

धाकटीने डबीच्या तळाशी बोट घातले आणि जांभळे रीळ वर काढले. त्यावर आता हातभरच दोरा उरला होता. तिने तो सगळा सोडवला, सुईत ओवला, टोकाला गाठ मारली आणि सुई पुढे केली. थोरलीने ती घेतली, आणि दोरा पुरेल एवढे लहान टाके घालायला सुरुवात केली.